उजव्या हाताची पहाट

जोगळेकर सर कोणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की पाण्याचा पेला पुढे येण्याआधी विचारायचे, "उत्तर दिशा कुठली?" घरचे लोक गोंधळायचे. कोणी खिडकीकडे बोट दाखवायचं, कोणी देवघराकडे बघत मनातल्या मनात हिशेब करायचं. सर तोवर शर्टाच्या खिशातून छोटंसं होकायंत्र काढून तळहातावर धरायचे आणि सुई थांबली की म्हणायचे, "राहता ना इथे? का नुसती पत्रं येतात?" माझ्या कोथरूडच्या नव्या फ्लॅटमध्ये त्यांनी असंच केलं आणि वर दिवाणखान्यातलं काश्मीरचं पोस्टर उतरवायला लावलं. "उत्तरेच्या खिडकीतला उजेड दिवसभर एकाच वळणाने वागतो. बाकीचे उजेड राजकारणी. चित्र लावायचं तर या उजेडात लावा, आणि हे लावायचं असेल तर अंधारात लावा." ते गेल्यावर माझी बायको म्हणाली, "तुझे सर पुन्हा येणार असतील तर आधी सांग, मी आईकडे जाईन."

सर सदाशिव पेठेतल्या एका शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर त्याच शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात ते दर रविवारी सकाळी मोठ्या माणसांना चित्र बघायला शिकवायचे. काढायला नाही, बघायला. "काढणारे खूप झालेत. बघणारं कोणी नाही," असं म्हणायचे. बुटके, पांढरा शर्ट, बाह्यांची बटणं भर उन्हाळ्यातही लावलेली, आणि बोलणं असं की ऐकणारा घरी पोहोचल्यावर त्याला कळावं आपल्याला काय बोलले ते. बायको फार लवकर गेली होती. शनिवार पेठेत दोन खोल्यांत एकटे राहायचे आणि मंडईतून स्वतः भाजी आणायचे. वांगं हातात घेऊन ते उजेडात इतका वेळ फिरवायचे की एकदा भाजीवाली म्हणाली, "काका, घ्यायचंय का नुसतं बघायचंय?" सर म्हणाले, "लग्न न बघता केलं. वांगं तरी बघून घेऊ द्या."

मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा नुकताच एका सॉफ्टवेअर कंपनीत लागलो होतो. आमच्या पिढीला अचानक बरे दिवस आले होते आणि त्याचबरोबर आपल्याला बाकी काही येत नाही अशी एक बारीक लाजही वाटायला लागली होती. घरात नवा टीव्ही होता, भिंतीवर काय लावायचं ते कळत नव्हतं. अशी बरीच मंडळी सरांच्या वर्गाला यायची. सर आम्हाला 'संगणकवाले' म्हणायचे, ज्या सुरात लोक 'पाव्हणे' म्हणतात त्या सुरात. पण आम्ही खिळून बसायचो ते एका चित्रासाठी.

ते चित्र सरांना जुन्या बाजारात पितळी भांड्यांच्या खाली सापडलं होतं. कुठल्यातरी जुन्या इंग्रजी पुस्तकातून निघालेलं पान. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं घाटातलं दृश्य. त्यात काय होतं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. डावीकडे एक प्रचंड कडा, त्याचं टोक नाकासारखं पुढे आलेलं. उजवीकडे दरी आणि दरीपलीकडे एका देवळाचं शिखर. मधून खिंडीची वाट. वर ढगांचा गदारोळ, आणि उजवीकडचे ढग फाडून आलेला उजेडाचा झोत थेट त्या कड्याच्या नाकावर पडलेला. अगदी पुढे वीज पडून जळालेलं एक झाड. वाटेवर नखाएवढा एक माणूस, पाठीवर बोचकं. आभाळात पाखरांची रांग, आणि देवळापाशी धुराची एक रेघ.

सर पहिला अर्धा तास काही बोलायचे नाहीत. आम्ही भिंग घेऊन एकेक जण चित्राला नाक लावून यायचो. मग ते सुरू करायचे. "यात शाई एकच आहे, काळी. राखाडी शोधू नका. अंधार आहे तो रेघांचा. रेघा दाटल्या की अंधार, विरळ झाल्या की झुंजूमुंजू. आणि उजेड? उजेड त्याने काढलेलाच नाही. तिथे पत्रा कोरा सोडलाय. कोरणाऱ्याने जिथे हात आवरला, तिथे उजेड आहे." मग थोडं थांबून, आमच्याकडे न बघता म्हणायचे, "आपल्याला हात आवरत नाही, म्हणून आपली चित्रं काळी."

मग ते एकेक खूण उलगडायचे. जळकं झाड म्हणजे सरलेली रात्र. वीज पडून गेली, वादळ होऊन गेलं. धूर सकाळच्या चुलीचा. पाखरं घरट्यातून बाहेर पडलेली. आणि तो बोचकंवाला. "हा परत येत नाहीये. हा निघालाय. मागे अंधार आहे, पण त्याच्या कपाळाला उजेड लागलाय, बघा. निघालेल्या माणसाच्याच कपाळाला लागतो तो." पुढच्या महिन्यात अमेरिकेला निघालेली दोनचार पोरं वर्गात असायचीच. त्यांचे डोळे भरून यायचे. माझेही आले आहेत, आणि मी तर फक्त बेंगळुरूला निघालो होतो, चार दिवसांसाठी.

शेवटी सर स्वतःच विचारायचे, "आता ही पहाटच कशावरून?" आणि मग तो प्रसिद्ध प्रकार व्हायचा. चित्राखाली बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं होतं की हे दृश्य उत्तरेकडे पाहताना दिसतं तसं आहे. सर सगळ्या वर्गाला उभं करायचे. "उत्तरेकडे तोंड करा. उजवा हात वर. काय आहे तिकडे?" आम्ही ओरडायचो, "पूर्व." "उजेड कुठून आलाय?" "उजवीकडून." "मग संपलं. बसा." चाळीस-पन्नास शिकलेली माणसं रविवारी सकाळी सदाशिव पेठेतल्या एका वर्गात उजवा हात वर करून उभी आहेत, हे दृश्य बाहेरून जाणाऱ्याला काय वाटत असेल कोण जाणे. आम्हाला मात्र शपथ घेतल्यासारखं वाटायचं.

हिंजवडीच्या शेतांतून काचेच्या इमारती उगवायला लागल्या तेव्हा आमची कंपनीही तिकडे गेली. आमचा साहेब अनिरुद्ध, वयाने माझ्याहून लहान आणि उत्साहाने फार मोठा. त्याने सरांबद्दल माझ्याकडून ऐकलं आणि म्हणाला, "त्यांना बोलाव. हे आपल्या लोकांना हवंय." सर आले. इमारतीत शिरताच त्यांनी होकायंत्र काढलं आणि रखवालदाराने ते तपासायला ठेवून घेतलं. सभागृहात पडद्यावर ते चित्र भिंतभर मोठं झालं. सर असे बोलले की मागच्या रांगेतल्यांनी फोन खिशात ठेवले. प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा एक हात वर झाला. ती वैशाली ढोले होती. अमरावतीकडच्या एका गावातून आलेली, नुकती नोकरीला लागलेली, माझ्याच टीममधली. ती म्हणाली, "सर, मला तर ही संध्याकाळ वाटून राहिली."

दोनचार जण हसले. चित्राला नाही, 'वाटून राहिली'ला हसले. सरांच्या डोळ्यांत ती चमक आली जी मला चांगली ओळखीची होती. "काय वाटून राहिली?" ते म्हणाले. आता सगळे हसले. "या, पुढे या. उत्तरेकडे तोंड करा. उजवा हात वर. आता सांगा, अमरावतीला त्या बाजूला काय असतं?" ती हळूच म्हणाली, "पूर्व." "मग तुमच्याकडे संध्याकाळ पूर्वेकडून येऊन राहिली का?" सभागृह फुटलं. ती हात तसाच वर धरून उभी होती, खाली घ्यायचा की नाही ते तिला कळत नव्हतं. मीही हसलो. आपला माणूस जिंकला की हसू येतंच.

त्यानंतर ऑफिसात तिचं नाव संध्याकाळ पडलं. कँटीनमध्ये कोणी हाक मारायचं, "काय संध्याकाळ, जेवून राहिली का?" ती हसायची. मीटिंगमध्ये मात्र ती बोलेनाशी झाली, बोलायचीच वेळ आली तर इंग्रजीत बोलायची. काही महिन्यांनी तिने दुसरी कंपनी धरली. अनिरुद्धने त्या चित्राची मोठी प्रत करून स्वागतकक्षात लावली आणि खाली पितळी पट्टीवर इंग्रजीत 'पहाट' असं कोरून घेतलं. परदेशी पाहुणे आले की तो त्यांना उत्तरेकडे तोंड करून उभं करायचा. सरांचा वर्ग तुडुंब भरायला लागला.

वर्गातल्या एका डोंगर भटकणाऱ्या मुलाने पुढे ती खिंड शोधून काढली. भोरच्याही पुढे, एका आडवाटेला. त्याने कड्याच्या नाकाचा फोटो आणला आणि आम्ही सगळ्यांनी ते नाक ओळखलं. सर लहान मुलासारखे खूश झाले. ठरलं की मिनीबस करून सगळा वर्ग तिथे जायचा, उजाडायच्या आत पोहोचायचं, चित्रकार उभा होता तिथे उभं राहायचं आणि तो उजेड कड्यावर पडताना बघायचा. डिसेंबर होता. सरांनी मफलर गुंडाळला होता आणि हातात चित्राची झेरॉक्स होती. खिंडीत पोहोचलो तेव्हा समोरचं फक्त काळं काळं दिसत होतं. सरांनी होकायंत्र धरलं, आम्हाला उत्तरेकडे तोंड करून उभं केलं आणि म्हणाले, "आता कोणी बोलायचं नाही."

हळूहळू दिसायला लागलं. देऊळ दिसलं, पण ते डावीकडे होतं. कडा दिसला, तो उजवीकडे. उजाडलं ते त्या कड्याच्या मागून. त्याचं नाक काळंच राहिलं, आणि सूर्य वर चढत गेला तसं आणखी काळं होत गेलं. उजेड पडला तो समोरच्या देवळावर, जिथे चित्रात सावली होती. आम्ही वाट बघत राहिलो. मग कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणालं ही दुसरी खिंड असेल. कोणी म्हणालं चित्रकाराने मनाने बदललं असेल, कलाकारच शेवटी. थर्मास उघडले गेले. सगळे सरांकडे न बघता बोलत होते.

सरांनी झेरॉक्स उलटी केली आणि पाठीकडून सूर्यासमोर धरली. कागदातून रेघा आरपार दिसल्या. नाक उजवीकडे आलं, देऊळ डावीकडे. समोरच्या खिंडीवर ते चित्र तंतोतंत बसलं. मी त्यांच्या शेजारी होतो, मी पाहिलं. कोरणाऱ्याने समोर जसं दिसत होतं तसं पत्र्यावर कोरलं, आणि कागद दाबला की ते उलटं छापलं गेलं. खालची अक्षरं कोणीतरी काळजीने उलटी कोरली म्हणून ती सुलट आली. अक्षरं सुलट म्हणून आम्ही डोंगरही सुलट धरले. सर म्हणाले, "शाळेत आयुष्यभर पोरांना सांगत आलो. लिनोच्या ठशावर नाव कोरताना उलटं कोरा, नाहीतर छापून आल्यावर फजिती होईल. पहिलीच गोष्ट शिकवायचो ती." मग कागद खाली घेऊन म्हणाले, "उजेड डावीकडून आहे. पश्चिमेकडून. ही संध्याकाळ आहे."

कोणीतरी समजूत घालायला म्हणालं, "जाऊ दे हो सर, कोणाला कळतंय." सरांनी त्याच्याकडे बघितलं. एरवी त्या बघण्यापाठोपाठ एक वाक्य यायचं आणि तो माणूस महिनाभर वर्गाला यायचा नाही. त्या दिवशी वाक्य आलं नाही. ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "सरदेसाई, ती अमरावतीची मुलगी आता कुठे असते?"

बाकीचे वाटेत मिसळ खाऊन पुण्याला परतले. सर म्हणाले, मी संध्याकाळ बघून येतो. त्यांना एकटं कसं सोडायचं म्हणून मी राहिलो. खरं सांगायचं तर मला त्यांच्याबरोबर राहायची लाज वाटत होती आणि सोडून जायचीही. दिवसभर आम्ही देवळाच्या ओट्यावर बसलो. ऊन कललं तसा पश्चिमेकडून उजेड आला, ढग नव्हते तरी आला, आणि कड्याचं ते नाक चित्रातल्यासारखं पेटलं. देवळामागून धूर निघाला. पाखरं परत येत होती. वाटेवरून एक म्हातारा डोक्यावर गवताचा भारा घेऊन उतरत होता, त्याच्या कपाळाला उजेड लागला होता. ज्या ज्या खुणेने पहाट सिद्ध केली होती त्या प्रत्येक खुणेने आता संध्याकाळ होत होती. सर बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "किती छान आहे. आणि मी तिची चेष्टा केली." मी शाळकरी पोरासारखा बुटाच्या नाड्या बघत बसलो.

सोमवारी सकाळी सर आमच्या ऑफिसात हजर. गळ्यात पाहुण्यांचा बिल्ला अडकवून स्वागतकक्षातल्या कोचावर, आपल्याच चित्राखाली, पाय जुळवून बसलेले. मी त्यांना अनिरुद्धकडे नेलं. सरांनी सगळं सांगितलं आणि म्हणाले, "आपण सगळ्यांना पुन्हा एकत्र बोलवा. मला दहा मिनिटं पुरतील. आणि ती पट्टी काढा." अनिरुद्ध मनापासून हसला. "सर, काय ऑनेस्टी आहे तुमची. पण लोकांना ती स्टोरी आवडते. क्लायंटना मी पहाट सांगतो, आता संध्याकाळ कशी सांगू? कंपनीच्या दारात संध्याकाळ बरी दिसत नाही." सर म्हणाले, "दिसत नाही, हे खरं. पण आहे." अनिरुद्धने माझ्याकडे बघितलं, म्हणजे मी काहीतरी बोलून त्यांना बाहेर न्यावं. मी म्हणालो, "सर, चहा घेऊ या?" सर उठले. लिफ्टमध्ये ते एवढंच म्हणाले, "चहा घेऊन आलोय मी." माझे कान इतके तापले होते की मी सातव्या मजल्यापासून खालपर्यंत आकडेच वाचत राहिलो.

वैशालीचा पत्ता मी शोधून दिला. ती वारज्याला आईबरोबर राहत होती. मी येतो म्हटलं तेव्हा सर म्हणाले, "या. साक्षीला कोणी असलेलं बरं. चेष्टेलाही होतातच की तुम्ही." दार तिच्या आईने उघडलं. आत गेल्यावर मी वाट बघत होतो, आता होकायंत्र निघेल. निघालं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सर कोणाच्या तरी घरात शिरले आणि उत्तर दिशा विचारली नाही. आईने खुर्ची दाखवली त्या खुर्चीत बसले. वैशाली आतून आली तशी उठून उभे राहिले.

"मी जोगळेकर. आठवत असेन."

"आठवते ना, सर. बसा ना."

"नाही. मी तुम्हाला सगळ्यांसमोर उभं केलं होतं, म्हणून उभ्यानेच सांगतो. ती संध्याकाळ होती. छापताना चित्र उलटतं, हे मला कळायला हवं होतं. तेवढं अज्ञान म्हणून सोडा. पण तुमच्या बोलण्याची मी नक्कल केली, तो हलकटपणा होता. तो अज्ञानात बसत नाही. दोन्हीसाठी आलोय."

हलकटपणा हा शब्द सरांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. तिच्या आईला काही समजेना, ती चहाचं आधण ठेवायला आत पळाली. वैशाली म्हणाली, "सर, मला ते उलटंसुलटं काहीच माहीत नव्हतं. मी तेव्हा हॉस्टेलला राहायची. संध्याकाळ झाली की घरची लय आठवण यायची. चुलीचा धूर पाहिला की मला संध्याकाळच दिसायची. म्हणून बोलून गेली." ती थोडी हसली आणि म्हणाली, "पण आता नाही दिसत हो. आता ते चित्र आठवलं ना सर, तर मला पहाटच दिसते. काही केलं तरी तो माणूस निघालेलाच दिसते. तुम्ही इतकं पटवून दिलं."

ती हे कौतुकाने म्हणाली होती. सरांचा चेहरा मी विसरू शकत नाही. ते खुर्चीत बसले, चहा घेतला, आईंना चहा छान झाल्याचं सांगितलं, आणि आम्ही निघालो. जिन्यात ते कठड्याला धरून थांबले. "सरदेसाई, चुकीचं शिकवलेलं माणूस विसरतो. मी चुकीचं फार चांगलं शिकवलं. कोरणाऱ्याला हात आवरता आला. मला तोंड आवरलं नाही." त्यांना वाटलं होतं, आपण तिची वस्तू तिला परत करू. ती वस्तूच आता तिच्याकडे राहिली नव्हती.

पुढे वर्गात ते दर रविवारी आधी तीच दुरुस्ती सांगायचे. "या चित्राबद्दल मी चुकलो आहे," इथून सुरुवात. पहिल्यांदा लोकांनी टाळ्या वाजवल्या. नंतर कंटाळले. नव्याने येणारे विचारायचे, "ती उजव्या हाताची गंमत कधी असते?" सर म्हणायचे, "ती बंद आहे." मग तेही यायचे बंद झाले. कोणाला उलटसुलट समजून घ्यायचं नव्हतं. पहाट लोकांना हवी होती, आणि ती देणारा माणूसच ती परत मागत फिरत होता. शेवटी शेवटी आम्ही सातआठ जण उरलो. मला वाटतं सरांनी आम्हाला चित्र बघायला खरं शिकवलं ते त्याच दिवसांत. आता ते खुणेचा अर्थ सांगायचे नाहीत. कोणी काही म्हणालं की विचारायचे, "आणखी काय दिसतं?" आणि कोणी अडखळत, आपल्या गावच्या बोलीत काही सांगितलं, तर बाकीच्यांकडे असं बघायचे की कोणाची हसायची छाती होऊ नये. अनिरुद्धला पुन्हा सांगून बघा, असं मात्र ते मला अधूनमधून म्हणायचे. मी म्हणायचो, "बघतो सर."

एका थंडीत त्यांच्या छातीत कफ झाला आणि दवाखान्यात ठेवावं लागलं. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणालो, "सर, खोली छान मिळाली. खिडकी उत्तरेला आहे." ते म्हणाले, "असू दे." आणि थोड्या वेळाने, डोळे मिटलेलेच ठेवून, "सांगितलं का हो त्यांना?" मी त्यांचं पांघरूण नीट करत राहिलो. दोन दिवसांनी ते गेले.

शोकसभा शाळेच्या सभागृहात झाली. इतकी माणसं आली की बाहेर सतरंज्या टाकाव्या लागल्या. वर्ग सोडून गेलेले सगळे आले, अमेरिकेतून सुट्टीवर आलेलेही आले. अनिरुद्धने मोठ्या मनाने स्वागतकक्षातलं ते चित्र गाडीत घालून आणलं होतं, पितळी पट्टीसकट, आणि त्याला हार घातला होता. बोलणाऱ्या प्रत्येकाने पहाटेचाच उल्लेख केला. कोणी म्हणालं सर आमच्या आयुष्यातली पहाट होते. शेवटी अनिरुद्ध उठला. "सरांना शब्दांनी श्रद्धांजली वाहू नये. आपण त्यांच्याच पद्धतीने वाहू. सगळ्यांनी उभे राहा. उत्तरेकडे तोंड करा. उजवा हात वर."

सगळं सभागृह उठलं. मला माहीत होतं. त्या चारशे माणसांत ती संध्याकाळ सरांबरोबर डोळ्यांनी पाहिलेला मी एकटाच होतो. तरी माझा हात वर गेला. इतके हात वर असताना एक खाली ठेवणं किती अवघड असतं, ते मला त्या दिवशी कळलं. तेवढ्यात मागच्या दाराकडून आवाज आला, "हात खाली घ्या सगळे."

वैशाली होती. ती खुर्च्यांमधून पुढे आली. माइक घेतला नाही. "सर माझ्या घरी आले होते. उभ्याने सांगून गेले, ही संध्याकाळ आहे म्हणून. त्यांचं चुकलं होतं आणि ते त्यांना तसंच ठेवायचं नव्हतं." तिने त्या हार घातलेल्या चित्राकडे एकदा बघितलं. "मला स्वतःला तर आजही ती पहाटच वाटून राहिली. पण सरांची संध्याकाळ आहे. त्यांच्या नावाने तरी हे नका करू."

वाटून राहिली. कोणी हसलं नाही. पुढच्या रांगेतला एक हात खाली आला, मग दुसरा, मग एकेक करून सगळे. माझाही आला. पण त्याआधी मी शेजारच्याचा खाली आलाय ना, ते बघून घेतलं.